बिनदांडीची सायकल

७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. गुडघ्यासाठी सायकल चालवा आणि रक्तदाबासाठी ओरडणं सोडा. "ओरडायचं नाही तर कारखाना चालवायचा कसा?" हे मी जरा मोठ्याने विचारलं असेल, कारण बाहेर बाकावर बसलेल्या हिला ते ऐकू गेलं. डॉक्टर म्हणाले, "राग आला की लिहून काढा. कागदाला कान नसतात."

कागदाला नसतील, मला आहेत. पोलादाच्या तारेच्या स्प्रिंगा करणं हा माझा धंदा. भट्टीतून काढलेली लाल स्प्रिंग तेलात बुडवली की तिला पाणी चढतं, म्हणजे दाबली तरी ती परत उसळते. पाणी नीट चढलं की नाही हे बघायला लोक यंत्रं घेतात. मी स्प्रिंग दगडावर टाकतो आणि ऐकतो. चांगली असली तर घंटेसारखी वाजते, नसली तर खोकते. वेटोळ्यातली तार ठोकून सरळ करणारा मी, या दोन कानांवर कारखानदार झालो. आणि हा कालचा डॉक्टर मला आवाज कमी करायला सांगतो.

वही हिने आणून दिली. म्हणाली, "यात हवं तेवढं ओरडा. पण सायकलचं मनावर घ्याच हो." कधी नव्हे ती डॉक्टरच्या बाजूने बोलली.

१२ फेब्रुवारी

सायकलीच्या दुकानात सोफे आहेत. सायकली भिंतीवर टांगलेल्या आणि माणसं सोफ्यावर. सायकलवाला दाढी राखलेला, सगळ्यांना काका म्हणणारा. त्याने एक काळी सायकल पुढे केली. सोनेरी रेघा, पूर्ण झाकलेली साखळी, तारेऐवजी सळयांचे ब्रेक, तांब्याचे रिव्हेट मारलेली चामड्याची सीट. मी तार ठोकत होतो तेव्हा आमचा साहेब अश्शीच सायकल घेऊन यायचा. ती पुसायचं काम माझं होतं. नुसतं पुसायचं.

"ही व्हिंटेज स्टाइल आहे काका, ब्रिटिश," तो म्हणाला.

"म्हणजे जुनी?"

"नाही नाही, नवीकोरी. फक्त जुन्यासारखी दिसते."

"मग मला टांगा भिंतीवर. मी तर खरोखरचा जुना आहे."

ही हसली. पण पुढे जे झालं त्याला हसण्यासारखं काही नव्हतं. मला दांडीवाली हवी होती. साहेबाची दांडीवाली होती. ही म्हणते, "गुडघा वाकत नाही, दांडीवरून पाय कसा टाकणार? ती घ्या, खाली वाकलेल्या नळीची. चढायला सोपी." सायकलवाल्याला काय, त्याने मान डोलावली. मग म्हणते, पुढे टोपली पाहिजे. मग म्हणते, सीट वरखाली करायला पाना लागू नये, नुसता खटका असावा. मी विचारलं, "तुला ग खटक्याशी काय करायचंय?" तर म्हणाली, "तुमची कंबर दुखेल ना पाना फिरवून." जन्मभर पाने फिरवलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

निघताना सायकलवाल्याने बजावलं, "काका, या सीटवर एकट्यानेच बसायचं. पहिले काही महिने ती रडवते. मग चामडं दबतं आणि तिला मालकाचा आकार येतो. दुसरा कोणी बसला की आकार बिघडला."

हे मात्र पटलं. वस्तूला मालक एकच असावा. कारखान्यालाही.

१५ फेब्रुवारी

पहिली फेरी. शेजारचे वकील फाटकात उभेच होते. "काय, वहिनींची सायकल घेऊन निघालात?" मी म्हटलं, "तुमच्या अशिलांसारखा पायी तर निघालो नाही." तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मागच्या चाकात तीन गिअर आहेत. पाय थांबवला की ते टिकटिक करतात, घड्याळासारखं. साहेब फाटकातून आत शिरताना हाच आवाज यायचा आणि आम्ही सगळे ताठ व्हायचो. आज माझ्या पायाखाली तो आवाज होता आणि ताठ व्हायला रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

सीट दगड आहे. त्याचं काही नाही. पण पुढून खुळखुळ येते. ब्रेकच्या सळईत कुठेतरी. एवढी सोनेरी रेघ ओढता तर नट आवळायला काय झालं होतं?

२० फेब्रुवारी

सायकल घेऊन दुकानात गेलो. सायकलवाल्याने स्वतः चालवून पाहिली, तीही उभ्याने, सीटला न टेकता. तेवढं त्याला कळतं. परत येऊन म्हणाला, "काका, काही आवाज नाही हो."

"पुढच्या चाकाच्या वर, उजव्या अंगाला. खड्ड्यात नाही, सपाटीवरच येतो."

त्याने कान लावला. सोफ्यावरच्या दोघांना बोलावलं. तिघांनी कान लावले. जणू सायकल डोहाळे सांगणार होती. कोणाला काही नाही. "इतका बारीक आवाज गावात कोणाला ऐकू येणार, काका?"

मी म्हटलं, "दोघांना." आणि मग मलाच त्याचा राग आला, म्हणून निघून आलो.

२४ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाला, "मालक, कोपऱ्यातली ती गोणपाटाखालची पेटी भट्टीत टाकू का? जागा अडते."

"हात लावायचा नाही," मी म्हटलं. जरा जोरात. म्हणून आता लिहितो.

त्या पेटीत चाकाच्या खुर्च्यांच्या ब्रेकच्या स्प्रिंगा आहेत. आमची कन्या तेव्हा कारखान्यात माल तपासायची. सगळ्या कामगारांसमोर तिने एक स्प्रिंग दगडावर टाकली आणि म्हणाली, "बाबा, ही खोकते. हा माल जाणार नाही." मी टाकली. वाजली. अगदी स्वच्छ वाजली. मी म्हटलं, "कारखाना कोणाचा आहे?" तर तिने अंगातला एप्रन खुंटीला टांगला आणि गेली. नदीपलीकडे एक शेड घेतली, स्वतःचा कारखाना काढला. कानामागून आली आणि तिखट झाली. कान माझे, विद्या माझी, आणि पाटी तिची.

त्याच दिवशी मी घरात सांगितलं, या घरची गाडी पुलापलीकडे जाणार नाही. ड्रायव्हरलाही सांगून ठेवलं. बस तिकडे जात नाही आणि टॅक्सीवाले सगळे माझेच गिऱ्हाईक, कोण कुठे गेलं ते संध्याकाळपर्यंत कानावर येतं. ही तेव्हा एक शब्द बोलली नाही. समजूतदार आहे.

माल मी पाठवलाच. गिऱ्हाईकाने तक्रारीचं चकार अक्षर काढलं नाही. पुढे त्याने माल घेणं थांबवलं, ती त्याची मर्जी. एक पेटी परत पाठवली, ती जास्तीची झाली असेल.

२ मार्च

खुळखुळ चालूच. सायकलवाला आता मला पाहिलं की आतल्या खोलीत जातो. मी सोफ्यावर बसून वाट पाहिली. कॉफी प्यायलो. बाहेर आलाच नाही.

घरात मोठा डबा सापडत नाही. हिला विचारलं तर "कुठेतरी राहिला असेल." कुठेतरी म्हणजे कुठे? डब्याला पाय फुटतात का?

हिने मात्र दुपारी फिरायला जाणं सुरू केलंय असं म्हणते. मी कारखान्यात जातो, गाडी माझ्याबरोबर, मग ही निघते. चेहऱ्यावर तजेला आलाय. हात उन्हाने रापलेत. मी म्हटलं, "बघ, मी सायकल घेतली आणि व्यायाम तुलाही लागला." म्हणाली, "तुमच्याच सायकलीची पुण्याई."

९ मार्च

सीट खाली घसरते. एकदा नाही, तीनदा बघितलं. सकाळी बसतो तर गुडघे हनुवटीला लागायला येतात. खटक्याने वर करतो, दुसऱ्या दिवशी परत तेच. फार नाही, बोटभर. या लोकांना खटकासुद्धा धड बनवता येत नाही, कारण खटक्याच्या आत असते स्प्रिंग, आणि स्प्रिंगेला पाणी नीट चढवायला अक्कल लागते. सायकलवाल्याला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काका, सीट घसरली तर रोज वेगळी घसरेल. तुमची रोज बोटभरच कशी घसरते?"

चोराच्या उलट्या बोंबा. फोन ठेवून दिला.

मी बोलत होतो तेव्हा ही तांदूळ निवडत होती. एकाच ठिकाणी फार वेळ निवडत होती.

१८ मार्च

खुळखुळ गेली.

लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. फाटकातून निघालो, कान पुढे लावून, आणि काही नाही. नुसती टिकटिक. जुन्या तलावापर्यंत गेलो, वाईट रस्त्याने परत आलो. काही नाही. इतकी गप्प सायकल की वकिलांच्या मागे पोचल्यावर मला घंटी वाजवावी लागली. ते दचकले. छान दिवस.

सरळ दुकानात गेलो. म्हटलं, "शेवटी ऐकू आलं ना? नीट काम करायला माझं ओरडणंच लागतं."

सायकलवाला म्हणाला, "काका, मी कधी केलं? तुम्ही सायकल परत आणलीच नाहीत."

हे आजकालचे दुकानदार. केलेलं कामही कबूल करत नाहीत.

१९ मार्च

रात्रभर ते डोक्यात नव्हतं, पण सकाळी दात घासताना आलं. त्याने केलं नाही. मी केलं नाही. नट स्वतःहून ढिला होतो, हे मी पाहिलंय. स्वतःहून आवळला जाताना आजवर एकही पाहिला नाही.

२७ मार्च

आज सीटवर तिरपं ऊन पडलं होतं आणि चामड्यावरचे खड्डे स्पष्ट दिसले. दोन खड्डे. मी नेहमी मागे सरकून बसतो आणि माझी हाडं अरुंद. हे खड्डे पुढे आहेत आणि रुंद आहेत.

माझ्या सायकलीवर कोणीतरी बसतं आहे.

संताप म्हणजे काय ते मला आज कळलं. जन्मात पहिल्यांदा एक वस्तू घेतली, केवळ माझी, जी दुसऱ्याने वापरली की बिघडते, आणि तिला आकार यायला लागला तो परक्याचा. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मी दिवसभर तुमच्याबरोबर असतो, तुमच्या सायकलीवर कधी बसणार?" खरं आहे. वकिलांकडे जाऊन त्यांच्या बैठकीची रुंदी डोळ्यांनी मापली. ते म्हणाले, "असं काय बघताय?" मी म्हटलं, "तुमच्या खुर्चीची स्प्रिंग बघतोय." त्यांचं माप सीटच्या बाहेर जातं. सुटले.

हिला सांगितलं. म्हटलं, "आपल्या घरात चोर येतो. सायकल नेतो आणि परत आणून ठेवतो."

ही म्हणाली, "परत आणून ठेवतो तर चोर कसा?"

"मग काय म्हणायचं त्याला?"

"गरजू," ही म्हणाली आणि आत गेली.

हिचा स्वभाव फार भोळा आहे. कोणीही फसवेल.

३ एप्रिल

सापळा लावला. साखळीच्या झाकणापासून भिंतीपर्यंत काळा दोरा बांधून कारखान्यात गेलो. संध्याकाळी आलो तर दोरा जसाच्या तसा. मनात म्हटलं, चोर घाबरला. जवळ जाऊन पाहिलं तर गाठ वेगळी. मी शेवटी दोन वेढे घेतो, या गाठीला एकच वेढा होता, आणि वर नीटसं फुलपाखरू.

फुलपाखरू बांधणारा चोर. पोलिसांना काय सांगू?

८ एप्रिल

आज कारखान्याला सुट्टी. सायकल उलटी करून पुसायला घेतली. साहेबाची पुसायचो तशी, फडकं बोटाला गुंडाळून. हँडलच्या खाली, ब्रेकच्या सळईच्या सांध्यावर, आतल्या बाजूला बोट गेलं आणि थांबलं.

नटावर लाल रेघ. नटावरून निघून बोल्टावर गेलेली. नखांना लावायच्या रंगाची.

ही आमच्या कारखान्याची रीत आहे. दुसरीकडे कुठे नाही. नट आवळला की नट आणि बोल्ट दोघांवरून एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आम्ही तिला साक्ष म्हणतो. पूर्वी ऑइलपेंटने ओढायचो, तो पसरायचा. कन्या तेव्हा फ्रॉकमध्ये होती. आईच्या नखरंगाची बाटली घेऊन कारखान्यात आली आणि म्हणाली, "बाबा, याने ओढा. हा पसरत नाही." तेव्हापासून मिस्त्री दुकानातून नखरंग आणतो आणि दुकानदार त्याच्याकडे बघत राहतो. रेघ आतल्या बाजूला ओढायची, पावसापासून लांब, हे मी तिला शिकवलं होतं.

सगळी सायकल तपासली. ब्रेकच्या तीन सांध्यांवर साक्ष. मडगार्डच्या सळईच्या नटावर साक्ष. घंटीलासुद्धा.

पायरीवर बसलो. ही आतून म्हणाली, "अहो, चहा घेता का?" मी म्हटलं, "नको." आवाज अगदी खाली होता. डॉक्टर खूश झाले असते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बिनदांडीची कोणाला हवी होती, टोपली कोणाला, खटका कोणाला, हे आता एखाद्या शेंबड्या पोरालाही सांगता येईल. आणि डबा. लग्न होऊन आली तेव्हा हिला सायकल येते की नाही हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं. सायकलच नव्हती तर विचारणार काय.

पण सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? ती खुळखुळ तीन माणसांना कान लावून ऐकू आली नाही. हिलाही येत नसणार, हिला प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. तिकडे कोणाला तरी आपसूक ऐकू आली. न सांगता.

१० एप्रिल

काही बोललो नाही. आपण बोलायचं आणि त्यांनी हसायचं, हा खेळ मी खेळणार नाही.

निघण्याआधी पाना घेऊन मडगार्डचा नट अर्धा फेरा ढिला केला. ब्रेकचा नाही, तेवढी अक्कल मला आहे, वर ही बसणार. मडगार्ड खडखडलं तर कोणी मरत नाही. बघू, ऐकू येतं का कारखानदारीणबाईंना.

११ एप्रिल

आलं. नट आवळलेला, जुनी रेघ खरवडून नवी ओढलेली. एका दिवसात. माझा मिस्त्री आठवडा लावतो.

१३ एप्रिल

आज घंटी ढिली केली. अगदी किंचित. एवढ्यावर सापडली तर मानीन.

१४ एप्रिल

सापडली.

१७ एप्रिल

परत मडगार्ड. हे का करतो आहे असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन की तपासणी. दुसऱ्याच्या कामाची तपासणी केली तर त्यात वाईट काय? तिने माझी केलीच होती की, सगळ्या गावासमोर.

१८ एप्रिल

मडगार्ड खडखडतंय. नट तसाच ढिला. आवळलाच नाही.

खाली वाकून पाहिलं. जुनी रेघ तुटलेली, नटावरचा तुकडा एका बाजूला, बोल्टावरचा दुसऱ्या. आणि त्याच ढिल्या नटावर दुसरी रेघ ओढली होती, ताजी, सरळ, नटावरून बोल्टावर. म्हणजे ढिलाईलाच साक्ष ठेवली. मी पकडला गेलो, असं त्या रेघेत लिहिलं होतं.

न्याहारीला ही समोर बसली. म्हणाली, "एक निरोप आहे."

"कोणाचा?" मी विचारलं, वर्तमानपत्रातून डोकं न काढता.

"तिने विचारलंय, हादऱ्याने नट सुटला तर तो रोज वेगळा सुटेल. बरोबर अर्धाच फेरा कसा सुटतो?"

हेच शब्द सायकलवाल्याकडून ऐकले होते. सगळ्या जगाला मोजमाप आलंय.

मी वर्तमानपत्र ठेवलं. म्हटलं, "या घरची गाडी पुलापलीकडे जाणार नाही, असं मी सांगितलं होतं."

"गाडी कुठे गेली?" ही म्हणाली. "तुमच्या समोरच उभी आहे. सायकलीचं तुम्ही काही बोलला नव्हता. तेव्हा आपल्याकडे नव्हतीच."

"डॉक्टरांना तूच सांगितलंस ना, सायकल लिहून द्या म्हणून?"

"गुडघा तुमचाच होता," ही म्हणाली आणि लोणी पुढे सरकवलं. "अजून एक विचारलंय तिने. नट सैल करत बसणार, की येणार?"

उत्तर देण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. मी काय नट सैल करायला जन्माला आलो?

२० एप्रिल

कारखान्यात गोणपाट बाजूला करून पेटीतून एक स्प्रिंग घेतली. मिस्त्रीने पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघू लागला. या कारखान्यात सगळेच फार समजूतदार झालेत.

उद्या जाणार आहे. निरोप आला म्हणून नाही. ही स्प्रिंग तिच्यासमोर दगडावर टाकायला जाणार आहे. ऐक म्हणावं. एकदाचा निकाल लागू दे.

२१ एप्रिल

गाडी नेली नाही. शब्द म्हणजे शब्द. सायकल हातात धरून मी आणि ही चालत निघालो, स्प्रिंग टोपलीत. पुलावर वारा होता. पूल संपला तशी ही म्हणाली, "आणा इकडे," आणि माझ्या हातून सायकल घेतली, खटक्याने सीट बोटभर खाली केली, मागे न बघता टांग न मारता सरळ बसली आणि निघाली. या वयाची बाई एक हात सोडून चालवते. मी मागून पायी.

पलीकडे सगळे हिला ओळखतात. फुलवालीने हात केला. चप्पल शिवणारा म्हणाला, "मावशी, आज उशीर?" मग मला पाहून, "हे कोण?"

"आमचे हे," ही पुढे जाता जाता म्हणाली.

"अच्छा, सायकलवाले," तो म्हणाला.

दुसऱ्या गावात माझी एवढीच ओळख.

शेड लहान आहे, पण झाडलेली. कन्या भट्टीपाशी होती. वाळलीय थोडी. "या बाबा," एवढंच म्हणाली, जसा मी रोज येतो. शेल्फवर आमचा मोठा डबा होता. आणि दारात एक दगड बसवलाय, काळा, सपाट, अगदी माझ्या कारखान्यातल्यासारखा. सरळसरळ नक्कल. मी म्हटलं, "दगडसुद्धा दुसरा सुचला नाही?" म्हणाली, "दुसऱ्यावर मला ऐकू येत नाही."

मी टोपलीतून स्प्रिंग काढली. कुठली ते तिला लगेच कळलं. तिने भट्टीचा पंखा बंद केला. एकदम शांत झालं. मी स्प्रिंग टाकली.

पडली.

मी स्प्रिंग उचलली, पुसली, परत टाकली, जरा उंचावरून. तेवढ्यात ही, जिला जन्मात स्प्रिंगेतलं ओ की ठो कळलं नाही, म्हणाली, "काय हो, सर्दी झालीय का तिला?"

कन्या हसली नाही. हसली असती तर मी तसाच परत फिरलो असतो. तिने स्प्रिंग घेतली, चिमट्यात धरली, भट्टीत सरकवली. लाल होईपर्यंत आम्ही तिघं बघत राहिलो. मग तेलात. मग बराच वेळ मंद आचेवर. मग ती माझ्या हातात दिली. स्वतः टाकली नाही.

मी टाकली. घंटेसारखी वाजली.

"तार चांगली आहे," ती म्हणाली. "पेटी पाठवून द्या. सगळ्यांना परत पाणी देता येईल."

"तार माझी आहे," मी म्हटलं. "चांगली असणारच."

"हो बाबा."

"आणि पेटी मी पाठवणार नाही. गाडी इकडे येत नाही."

"मग?"

"टोपलीत किती मावतात ते बघतो," मी म्हटलं.

निघताना मडगार्डचा तो नट आवळायला वाकलो, कारण खडखडाट मला सहन होत नाही. गुडघा मधेच अडकला. तिने काही न विचारता पाना हातात दिला, आणि मागोमाग ती बाटली, लाल. वर म्हणाली, "सीट पण आईच्या उंचीला पक्की करून टाका. रोज खटका वरखाली करून त्याची स्प्रिंग मरेल."

माझी सायकल. माझी सीट, जिच्यावर एकट्यानेच बसायचं असतं. मी काय ते सुनावणार होतो, पण ही आधीच डबा टोपलीत ठेवून उभी होती. तेव्हा खटका काढला, त्या जागी नट-बोल्ट घातला, सीट हिच्या उंचीला लावली, आवळला आणि नटावरून बोल्टावर रेघ ओढली. आतल्या बाजूला, पावसापासून लांब.

रेघ तिच्यापेक्षा सरळ आली आहे. दोघींनी पाहिली, पण कबूल कोणी केलं नाही.